पाद्र्यांच्या स्वयंपाकघरातले गुरुजी

नातवंडं विचारतात, "आजी, तू पहिली नोकरी कुठे केलीस?" मी सांगते, "पाद्र्यांच्या स्वयंपाकघरात." त्यांना वाटतं, म्हातारी नेहमीसारखी थाप मारते. थापा मी मारते, नाही असं नाही, पण ही त्यांतली नव्हे. दर वेळी पहिल्यापासून सांगायचा आता कंटाळा येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. ज्याला वाचायचं तो वाचेल.

डहाणूजवळ, चिखले आणि नरपड यांच्या मधे, अगदी किनाऱ्याला लागून, तेव्हा एक पडका मठ होता. आता शोधायला जाऊ नका, तो नाही. आमच्या या किनाऱ्यावर फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य होतं तेव्हा त्यांच्या पाद्र्यांनी तो बांधला. पुढे मराठ्यांनी वसई घेतली, फिरंगी गेले, मठ मागे राहिला. मी पाहिला तेव्हा छपराच्या जागी पिंपळ होता, प्रार्थनेच्या जागी बोंबील वाळत होते आणि सबंध मठात एकच खोली धड होती. त्या खोलीत बोर्डाची शाळा भरायची. पहिली ते चौथी, मुलं पस्तीस-चाळीस आणि शिकवणारे दोघे. एक गुरुजी, दुसरी मी.

मी एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक, वर ट्रेनिंगचं एक वर्ष, दोन वेण्या आणि मनगटावर भावाचं घड्याळ. घड्याळ बंद होतं, तरी मी दर तासाला त्यात बघायची. अक्षराला जिल्ह्यात बक्षीस मिळालं होतं, तेव्हा आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. बदली करून डहाणू गावातल्या शाळेत जायचं, एवढीच इच्छा होती. या बोंबलांच्या वासात आपलं आयुष्य जाणार नाही हे मी रोज संध्याकाळी आरशाला सांगत असे.

गुरुजी पन्नाशीच्या पुढचे. उंच, जरासे वाकलेले, वैशाखातही कोटाची सगळी बटणं लावलेली. कोटाच्या एका खिशात सुतळी आणि मोजपट्टी, दुसऱ्यात चिकू. चिकू पिकेपर्यंत ते खिशात ठेवत, आणि पिकला की वर्गात जो गणित चुकला असेल त्याला देत. "हुशार मुलाला काय करायचाय? त्याला उत्तर मिळालंय," म्हणत. आमच्या शाळेत गणित का सुधारत नव्हतं हे तपासणीच्या साहेबांना कधी कळलं नाही.

अकरा वर्षं ते त्या मठाचा इतिहास लिहीत होते.

मठाचा इतिहास तसा गावात सगळ्यांना पाठ होता. विहिरीत सोन्याची घंटा आहे, इथून भुयार निघतं ते थेट डहाणूच्या किल्ल्यात, आणि डोकं नसलेला एक पाद्री अवसेला फिरतो. गुरुजी हे सगळं ऐकून घेत आणि जांभई देत. "पुरलेलं राहू दे हो," म्हणत. "खाल्लेलं काय, ते सांगा." घंटा सगळेच वाजवतात, पण सहा-सात पाद्री समुद्राच्या पलीकडून इथे येऊन काय जेवत होते, मीठ कुठलं घेत होते, त्यांना रांधून कोण घालत होतं, हे विचारणारा जगात हा एकच मनुष्य होता.

याचं कारण त्यांची पोर्तुगीज भाषा. घोलवडला एका इराण्याच्या चिकूवाडीवर गोव्याचा म्हातारा आचारी होता. त्याच्याकडे दर रविवारी चालत जाऊन गुरुजी ती भाषा शिकले. आचाऱ्याने शिकवलेली भाषा, ती चुलीपाशीच राहिली. कांदा, मीठ, तांदूळ, मासळी, विस्तव याच्या पलीकडे त्यांना त्यातलं काही येत नसे. पोरं फार गोंधळ करू लागली की गुरुजी टेबलावर हात आपटून ओरडत, "सबोला!" पोरं चिडीचूप. ही काहीतरी भयंकर शिवी आहे असं सगळ्या गावाचं मत होतं. भांडणात बायकासुद्धा वापरत. तिचा अर्थ कांदा.

सुट्टीच्या दिवशी गुरुजी सुतळी घेऊन दगड मोजायला निघत. मठाचे दगड सगळ्या पंचक्रोशीत पांगलेले. कुणाच्या घराची पायरी, कुणाचा पाटा, कुणाच्या होडीचा नांगर. एक कोरलेला उंबरा पार सायवनला एका वारल्याच्या झोपडीत निघाला, तो बघायला गुरुजी पायी गेले आणि चौथ्या दिवशी पाय सुजवून आले. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की जमनाबाय मोठ्याने हाक घालायची, "मास्तर आले गो! पाटे लपवा!"

ही जमनाबाय मासेमारांच्या मांगेलवाड्यातली. तिची तीन मुलं शाळेत होती आणि शाळेच्या अंगणात तिच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव. मठावर खरा हक्क कुणाचा असेल तर तिचा.

पण गुरुजींनी एकही दगड कधी परत मागितला नाही. मोजायचे, वहीत टिपायचे आणि दगडावर थाप मारून म्हणायचे, "कामात आहे ना? असू दे."

माझ्या अक्षराची कीर्ती कळल्यावर त्यांनी तो इतिहास पक्का करून लिहायचं काम मला दिलं. रोज शाळा सुटल्यावर दोन पानं. त्यांची भाषा बोलताना साधी, पण कागदावर आली की सोवळं नेसून बसायची. स्वयंपाकघराला पाकशाळा, भिंतीला भित्ती, हात लावू नये याला हस्तस्पर्श न व्हावा. मी वेलांट्या अशा काढायची की बघत राहावं. काय लिहितेय याकडे माझं लक्ष नसे. कान्याची उंची सगळीकडे सारखी आली की माझा दिवस सार्थकी लागला.

वर्गात गुरुजींचा एक नियम होता. उत्तरेच्या भिंतीला कुणी टेकायचं नाही. तिच्यापासून दोन हातांवर जमिनीवर खडूची रेघ असे, ती ते रोज सकाळी स्वतः नवी ओढत. भिंत काळपट, शेवाळलेली, गिलावा जागोजाग फुगलेला. नकाशा टांगायला वर्गात तीच एक मोठी भिंत होती. मी जूनमध्ये रुजू झाले तेव्हा विचारलं, "गुरुजी, या भिंतीला काय झालंय?"

"वाचायची राहिलीये," ते म्हणाले.

मी जमनाबायला सांगितलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ती म्हणाली, "फिरलंय तर फिरू दे गो बाय. कुणाच्या अंगावर तर येत नाय."

आता मला माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर मी हे लिहीत बसले नसते. त्या गिलाव्यावर कुणीतरी खिळ्यानं ओळी कोरल्या होत्या. एरवी काही दिसत नसे. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे सरकला की दुपारी चारच्या सुमारास समुद्राकडच्या फुटक्या खिडकीतून ऊन तिरकं, भिंतीला घासून जाई, आणि तेवढी दहा-पंधरा मिनिटं अक्षरं उभी राहत. वर्षातले वीस-पंचवीस दिवस, त्यांतलेही ढगाळ गेले. अशा रीतीने गुरुजी अकरा हिवाळे ती भिंत वाचत होते. माझ्या हिवाळ्यात ते तिथे उकिडवे बसत तेव्हा मी मान खाली घालून वेलांट्या काढत असे. तांदूळ. मीठ. मासळी. उपासाचा दिवस. मुलांनी गणितं घोकायची ती खोली म्हणजे मठाचं स्वयंपाकघर होतं, हे त्यांनी त्या भिंतीवरून सिद्ध केलं होतं.

आणि सगळ्यात खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक नाव होतं. आचाऱ्याचं. पाद्र्यांची नावं कुठल्यातरी चोपड्यांत असतीलच, गुरुजी म्हणायचे, पण रांधणारा इथला होता. फिरंगी स्वयंपाकी बोंबलाला बोंबील म्हणणार नाही, आणि भिंतीवर फिरंगी अक्षरांत बोंबीलच लिहिलेलं होतं. त्या नावाची पहिली दोन अक्षरं हाती आली होती, प आणि आ. तिसऱ्याची नुसती एक उभी रेघ. पुढे तीन-चार अक्षरं असावीत.

जमनाबायने ऐकताक्षणी निकाल दिला होता. "पांडू असणार. आमच्यात दर घराला एक पांडू हाय."

"अंदाजाने माणसाला नाव देत नाहीत, जमनाबाय," गुरुजी म्हणाले होते. हेही मला तिनेच मागाहून सांगितलं.

गुरुजींनी डहाणूच्या फोटोवाल्यालाही एकदा आणलं होतं. त्याने भिंत बघितली, मुलांना ओळीत उभं केलं आणि ग्रुप फोटो काढून दिला.

म्हणून ते मुंबईला अर्ज करत. जुन्या इमारती बघणाऱ्या खात्याने एकदा यावं, चांगला कॅमेरा आणावा, नाव वाचावं आणि भिंत राखावी. घाई व्हायचं कारण होतं. तलासरीकडे मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं, दगड हवा होता, आणि ठेकेदाराचा माणूस मठाभोवती दोनदा फिरून गेला होता. अकराव्या वर्षी, पौषात, कार्ड आलं. एक साहेब येणार. गुरुजींनी ते कार्ड मला दाखवलं आणि लगेच परत घेऊन दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मला वाटलं, थंडीने.

आदल्या दिवशी ते डहाणूला गेले, साहेबांना सकाळच्या गाडीवरून घेऊन यायला. जाताना मला म्हणाले, "उद्या दुपारी मुलांना लवकर सोडा. चार वाजता खोली मोकळी हवी."

आता बघा. ट्रेनिंगच्या वर्षात आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं, सुतकताई शिकवली, पण पक्कं डोक्यात बसलं ते एकच. साहेब येणार म्हणजे चुना. शाळा कशीही असो, साहेब येण्याआधी भिंती पांढऱ्या, दारात रांगोळी, मुलांची नखं कापलेली. माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. साहेब आत येतात, चकित होतात, विचारतात, या शिक्षिका कोण? यांना इथे का ठेवलंय?

मी मुलांना घेऊन शिंपल्यांचा चुना भिजवला, त्यात चिमूटभर नीळ टाकली, शिंदीचे कुंचले केले. जमनाबाय वलांडीखालून बघत होती.

"बाय, त्या भिंतीला मास्तर हात लावू देत नाय हां."

"मास्तरांना काय कळतं? साहेब येणार आहेत."

"मग साहेबाला इचार आधी."

"जमनाबाय, शाळेतलं तुला काय कळतं?" मी म्हणाले. ती माझ्या आईच्या वयाची होती. ती वलांडीकडे वळली. बोंबील उलटत राहिली.

उत्तरेची भिंत मी स्वतः केली. मुलांवर सोडली नाही. तीन हात दिले, वरून खाली, मग आडवे, मग पुन्हा वरून खाली, आणि गुडघ्याशी गिलावा फार खडबडीत लागला तिथे कुंचला दाबून दाबून भरला. इतकं मन लावून मी आयुष्यात फार कमी कामं केली आहेत.

दुसऱ्या दिवशी, साहेबांचं डहाणूतलं जेवणखाण उरकून, चारला जरा अवकाश असताना टांगा आला. मी नवं पातळ नेसले होते. साहेब तरुण होते, चष्मा, गळ्यात कॅमेरा. गुरुजी त्यांच्यापुढे दोन पावलं, उलटं चालत बोलत होते. असे बडबडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आता ऊन येईल, साहेब. अगदी पाच मिनिटं. तुम्ही रेघेच्या अलीकडे उभे राहा. खाली बसावं लागेल. नाव अगदी खाली आहे."

दोघं आत गेले आणि ऊन आलं. भिंत इतकी झळकली की दोघांनीही डोळ्यांवर हात धरला.

थोड्या वेळाने साहेब म्हणाले, "मास्तर, कुठे आहे?"

गुरुजी रेघ ओलांडून भिंतीपाशी गेले. त्यांनी टोपी काढली. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा टोपीशिवाय पाहिलं. डोकं लहान मुलासारखं दिसत होतं.

"चुना दिलेला आहे," शेवटी ते म्हणाले.

"कुणी?"

आणि मी पुढे झाले. हो, पुढे झाले. "मी, सर! मुलांकडून श्रमदान करून घेतलं."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी गुरुजींना विचारलं, नक्कल केलेली आहे का? गुरुजींनी वहीकडे बोट केलं. माझीच वही, पक्की. साहेबांनी उघडली आणि मोठ्याने वाचलं, "पाकशाळेची उत्तर भित्ती ही या मठाची एकमेव साक्ष असून, छायाचित्र होईतो सदर भित्तीस हस्तस्पर्श न व्हावा." त्यांनी पान उलटून पाहिलं. "अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले.

पाकशाळा म्हणजे मी उभी होते ती खोली, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या हाताने लिहिलेलं वाक्य मला एका परक्या माणसाने वाचून दाखवावं लागलं.

साहेब वाईट नव्हते. शहाळं प्यायले, पडक्या भिंतींचे दोन फोटो घेतले. निघताना म्हणाले, "मास्तर, वहीवरून मला काही लिहिता येत नाही हो. मला दगडावर काहीतरी दिसायला हवं." गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे." टांगा दिसेनासा झाला तरी ते दारातच उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात धुवा, बाई. चुन्याने कातडं फाटतं."

मला वाटलं होतं, ते मला सबोला तरी म्हणतील.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही तो चुना काढायचा प्रयत्न केला. ओली फडकी, काथ्या, कोंबडीचं पीस. जमनाबाय तिच्या मासे साफ करायच्या सुरीने इतक्या हलक्या हाताने खरवडत होती की मला माझ्या कुंचल्याची लाज वाटली. पण जुना गिलावा चुन्याला धरून होता. चुन्याचा पापुद्रा सुटला की त्याच्याबरोबर तोही सुटे. गुडघ्याच्या उंचीवरचा, नावाचा भागही सुटून पडला तेव्हा गुरुजी म्हणाले, "पुरे." पापुद्रे त्यांनी झाडून एका कागदात गोळा केले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच समुद्रावर टाकून आले.

महाराष्ट्र झाला त्याच सुमाराला मुंबईहून कागद आला. राखण्याजोगं काही नाही. मग गाड्या आल्या. मठ तलासरीच्या रस्त्याला गेला. शाळेला पत्र्याची शेड मिळाली, आणि मला, हसू नका, डहाणूला बदली मिळाली. मी ती घेतली. नाकारली असं लिहायला मला आवडलं असतं, पण थापा मारायला आता दम उरलेला नाही.

गुरुजी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. इतिहास छापायला कुणी तयार झालं नाही. वही माझ्याकडे आहे. अधूनमधून वाळवी लागली नाही ना, एवढं बघते. तिचं शेवटचं प्रकरण आम्ही माझ्या बदलीच्या आधी, सुरूच्या झाडांखाली बसून पुरं केलं. शेड अजून झाली नव्हती. गाड्यांत दगड भरल्याचा आवाज येत होता, म्हणून गुरुजींना मोठ्याने सांगावं लागत होतं. मठ कशाकशाने नष्ट झाला ते ते सांगत होते आणि मी उतरवून घेत होते. लढाई. खारा वारा. पिंपळ. गावाला पायऱ्यांसाठी लागलेले दगड. मग म्हणाले, "लिहा. पुढे शाळेने पाकशाळेस चुना दिला."

मी लेखणी थांबवली. "शाळेने नाही, गुरुजी. मी दिला. माझं नाव घाला."

"कशाला?"

"खरं आहे म्हणून."

ते गाड्यांकडे बघत होते. "ज्याचं घालायचं होतं त्याचं मिळालं नाही, बाई," ते म्हणाले. "आता तुमचं घालून काय करायचं?"

मी रडायला लागले. एकोणिसाव्या वर्षी मला रडू फार छान येई. गुरुजींनी माझं रडणं संपेपर्यंत वाट पाहिली. संपल्यावर त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं.

"या मठात पाद्र्यांना रांधून घालणारा मनुष्य इथलाच होता. त्याचे नाव..."

ते थांबले. "इथे जागा सोडा," म्हणाले.

"किती सोडू?"

त्यांनी हात वर केला, समोर भिंत असावी तसा, आणि हवेतून डावीकडून उजवीकडे हळूहळू नेला. एका ठिकाणी थांबले. मग अंगठा आणि करंगळी ताणून मला वीत दाखवली.

मी त्यांचा हात धरून कागदावर टेकवला आणि पेन्सिलीने दोन टोकांना खुणा केल्या. पाऊण ओळ झाली. तेवढी कोरी सोडली आणि तिच्यापुढे पूर्णविराम दिला.